धडधाकट हाताची पट्टी

गोंदून घेतलं ते डाव्या हातावर, आणि पट्टी बांधली गेली ती उजव्या हाताला. मधे जे घडलं ते लाजेचं आहे, म्हणून वहीत लिहिते. (वही साड्यांच्या खाली असते. आमच्या घरात साड्यांच्या कपाटाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.)

माझ्या आईच्या हातावर, मनगटाच्या वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं आणि त्याखाली ठिपक्यांची ओळ. मी नऊ वर्षांची असताना गोंदणारी बाई गावात आली, तेव्हा मलाही बसवलं होतं. सुई बघून मी जी पळाले ती कडब्याच्या गंजीमागे जाऊन लपले. आई म्हणाली, "राहू दे, मोठी झाली की घेईल." मी मोठी झाले, लग्न होऊन बंगळूरला आले, मुलगी ऑफिसला जायला लागली, आणि गेल्या वर्षी आई गेली. तेव्हा आठवलं, आपलं एक काम राहिलंय.

मुलीला, म्हणजे वीणाला, सांगितलं. ती हसली नाही. आईचा एकच फोटो होता हात दिसणारा, तो तिने मोबाईलवर मोठा करून घेतला. एका रविवारी हे होसकोट्याला भावाकडे गेले होते. वीणा मला महादेवपुऱ्याला, तिच्या ऑफिसजवळच्या दुकानात घेऊन गेली. दुकान दवाखान्यासारखं स्वच्छ. गोंदणाऱ्या मुलीच्या मानेवर मोर होता.

"आंटी, दुखलं तर सांगा," मोरवाली म्हणाली.

दुखलं. सांगितलं नाही. पळायचं तर जवळपास गंजीही नव्हती.

गोंदून घेणं सोपं, ते भरेपर्यंत सांभाळणं कठीण, हे मला घरी येताना कळलं. मोरवालीने एक कागद दिला होता. तो इंग्रजीत होता आणि मी चौथी शिकलेली, तीही मराठीत, पण कागदावर चित्रं होती. पोहणारा माणूस, त्यावर काट. सूर्य, त्यावर काट. खाजवणारी नखं, त्यावर मोठी काट. बाकीचं वीणाने समजावलं. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने हलकं धुवायचं, टिपून घ्यायचं, मलमाचा पातळ थर द्यायचा. पाण्यात हात भिजत ठेवायचा नाही. सुती, सैल कपडा घालायचा. खपली निघाली तर ओढायची नाही.

"आणि हळद, खोबरेल काही लावायचं नाही, आई."

"आमच्याकडे हळदच लावायचे."

"आजीला कोणी कागद दिला नव्हता."

खरी अडचण ह्यांची होती. त्याच्या महिनाभर आधी वीणाने खांद्यावर फुलपाखरू काढू का म्हणून विचारलं, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता सांगितलं होतं, "या घरात अंगावर चित्र काढून कोणी पानावर बसायचं नाही." माणूस वाईट नाही. पण वाक्य बोलून जातात आणि मग त्या वाक्याला धरून बसतात. आता कळलं असतं तर सगळा दोष वीणावर आला असता. शिवाय तुळस तेव्हा सुजून काळपट दिसत होती. त्यांनी पहिल्यांदा बघावी ती तुळस म्हणून, जखम म्हणून नव्हे, एवढंच मला हवं होतं. म्हणून ठरवलं, आधी भरू दे, मग दाखवू.

मी साडीवर वीणाचा लांब बाह्यांचा शर्ट चढवला. शेजारच्या सावित्रीअक्कांनी जिन्यात गाठलं.

"काय वैनी, बिल्डिंगच्या कामावर लागलात?"

(आमच्याकडे विटा उचलणाऱ्या बायका साडीवर शर्ट घालतात. अक्कांचं चुकलं नाही.)

"स्वल्प थंडी वाजतेय," मी म्हणाले. ऊन मी म्हणत होतं.

तिसऱ्या दिवशी हे स्वयंपाकघरात आले. भांडी वीणा घासत होती. असं आमच्या घरात दिवाळीलाही होत नाही.

"तू का घासत नाहीस गं?"

मला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे तयारी नव्हती. "हात मुरगळलाय," मी म्हणाले.

"कुठला?"

डावा हात मी पटकन पदरामागे नेला. मग पुढे करायला एकच हात उरला. तो केला.

"सरी, चल. चप्पल घाल."

ह्यांना काळजी वाटली की ते लगेच चप्पल घालायला सांगतात. अर्ध्या तासात आम्ही इथल्या शिवाजीनगरला, बस स्टँडमागे एका हाड बसवणाऱ्या अण्णांच्या समोर होतो. अण्णांनी माझं धडधाकट मनगट दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

"दुखतंय?"

नाही म्हणावं, तर हे माझ्याकडे बघत होते. मी बारीक आवाजात "आई गं" केलं.

"नस चढलीय," अण्णा ह्यांना म्हणाले. "आज आणलंत ते बरं केलंत. उद्या अवघड होतं."

त्यांनी कसला तरी लेप अंड्यात कालवला, चार बोटं एकत्र धरली, बांबूच्या पट्ट्या लावल्या आणि कोपरापर्यंत कापड गुंडाळलं. अंगठा तेवढा बाहेर राहिला. "दहा दिवस. पाणी लागू द्यायचं नाही."

म्हणजे डाव्या हाताला भिजवायचं नाही, हे मोरवालीने सांगितलेलं. उजव्याला भिजवायचं नाही, हे अण्णांनी सांगितलेलं. घरात मी आता शोभेची होते.

हे मात्र चांगले निघाले. रोज चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, करायचे (त्यांना तेवढंच येतं), आणि मी डाव्या हाताने जेवू नये म्हणून भरवायचे. तीस वर्षांत कधी जवळ बसून जेवलो नव्हतो. मी खाली मान घालून घास घ्यायचे आणि मनात म्हणायचे, देवा, हा माणूस ठणठणीत हाताची सेवा करतोय.

धुणं, टिपणं, मलम हे सगळं वीणा ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर गुपचूप करायची. सातव्या दिवशी तिला ऑफिसने चार दिवसांसाठी पुण्याला पाठवलं, आणि त्याच दिवशी खपल्या सुटायला लागल्या.

ती खाज काय सांगू! खाजवायचं नाही, फार झालं तर वरून थापटायचं, असं वीणा सांगून गेली होती. मलमाची नळी मी दातांनी उघडली, अंगठ्याने मलम फासलं, बाही खाली ओढली आणि गॅलरीत बसून उजव्या हाताने डाव्यावर थाप-थाप सुरू केलं. बांबूमुळे आवाज चांगला येत होता.

"मुरगळलेला हात काय आपटतेस?"

हे दारात उभे होते. मी थांबले. तोवर ते जवळ आले, आणि शर्टाची बाही त्यांनीच वर केली.

"अगं, हे काय? नागीण झाली की काय? चप्पल घाल."

पुन्हा अण्णांकडे! या हातालाही अंड्याचा लेप! मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलले.

"तुळस आहे ती. आईच्या हातावरची. वीणाला मीच घेऊन चल म्हटलं होतं. तिला बोलू नका. आणि हा हात मुरगळलेला नाही."

मग ते आत गेले. मला वाटलं, आता आपलं पान वेगळं. ते चष्मा आणि मोरवालीचा कागद घेऊन आले. कागद मी डाळीच्या डब्यामागे ठेवला होता. चार दिवस स्वयंपाक करणाऱ्याला तो सापडणारच होता. "औषधाचा असेल म्हणून वाचला नव्हता," म्हणाले, आणि आता वाचू लागले.

"पातळ थर लिहिलंय. हा थर आहे का गिलावा?"

त्यांनी हात धुतले, माझा हात हलका धुतला, टिपला, नखभर मलम लावलं. मग चष्मा सरळ करून वाकले आणि बोट न लावता मोजायला लागले.

"पाच ठिपके का?"

"फोटोत पाचच आहेत."

"फोटोत बांगडी आडवी आली असेल. सहा होते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"लग्नात पंगतीला तुझी आई वाढत होती. मान वर करायची लाज वाटत होती. हातच बघत बसलो होतो, दुसरं काय करणार?"

ज्या हातावर डोकं ठेवून मी वाढले, त्याचे ठिपके मी फोटोतून मोजून आणले होते.

तुळस पंधरा दिवसांत छान भरली. उजवा हात पट्टी सोडल्यावर महिनाभर खरंच दुखत होता. आता पुढच्या रविवारी सहावा ठिपका घालायला जायचं आहे, हे स्वतः येणार आहेत. भांडी पंधरा दिवस तेच घासतील, असं ठरलंय. अक्कांनी विचारलं तर हात मुरगळलाय म्हणायचं, तेही ठरलंय. या वेळी कुठला, ते मी आत्ताच वहीत लिहून ठेवते. डावा.