दोन डावे भाग

माझी मुलगी माझ्या थोरल्या जावेला मोठी आई म्हणते आणि मला नुसतं आई. आमच्या घरात तशी पद्धतच आहे. मुलगी लहान होती तेव्हा मी ठाण्याला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. ड्युटी संध्याकाळची असायची. मुलीला भरवणं, तिच्या वेण्या घालणं, शाळेच्या गॅदरिंगला जाणं हे सगळं जावेनं केलं. थंडीचे स्वेटरही तिनंच विणले. त्या वेळात मी लोकांच्या बातम्या कापून रकान्यात बसवत होते.

मी निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी मुलीला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचा फोन आला. तब्येतीचं बोलून झालं, मग ती म्हणाली, "आई, मोठ्या आईला सांग ना, बाळासाठी एक स्वेटर विणायला. पुढून उघडणारा. डोक्यातून घालायचा नको."

"सांगते," मी म्हणाले.

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी लोकर आणायला बाहेर पडले.

आमच्या मागच्या भिंतीला लागून कापडाचे लूम चालतात. गल्लीत सुताच्या कोनांनी, त्या शंकूसारख्या रिळांनी, भरलेला टेम्पो उभा नाही असा दिवस जात नाही. पण हातानं विणायची लोकर मागितल्यावर बाजारातल्या सूतवाल्यानं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाथ से? मॅडम, यहाँ सब मशीन का माल है. कल्याण चले जाओ." मी कल्याणला गेले. मोत्याच्या रंगाची लोकर आणि सुयांची जोडी घेतली. लहान बाळाच्या स्वेटरची कृती इंटरनेटवर सापडली, ती छापून घेतली.

कृती इंग्रजीत होती आणि अर्धी तर संक्षेपांतच. मी आधी तिचं मराठी केलं. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणे, टाके बंद करणे. मग सवयीनं संपादनही केलं. एकच गोष्ट दोनदा आली की दुसरी काढायची, हे हातात इतकं मुरलं होतं की त्याचा विचारही करावा लागला नाही. पाठीचा भाग झाला की डावा पुढचा भाग, मग उजवा, शेवटी बाह्या. उजव्या भागाच्या सूचनेत डाव्यातलंच बरंचसं पुन्हा लिहिलेलं दिसत होतं. मी तिथे दोनच शब्द ठेवले: डाव्याप्रमाणे विणणे.

पाठ तीनदा उसवावी लागली. कधी टाका गळायचा, कधी नको तिथे वाढायचा, आणि सगळी कड एका बाजूला ओढली जायची. जावेच्या हातात सुया असायच्या तेव्हा ती टीव्ही बघायची, गवारी मोडणाऱ्या बाईला सूचना द्यायची आणि विणायची. तिच्यासमोर कागद कधीच नव्हता. मी मात्र ओळीखाली पट्टी ठेवून विणत होते.

त्याच दिवसांत जावेच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा आला. बारीक काम काही दिवस बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून मला वाईट वाटलं. बरंही वाटलं. यंदा स्वेटर विणणारी घरात मी एकटीच होते.

आठव्या महिन्यात मुलगी बाळंतपणासाठी आली. माझ्या हातात सुया बघून दारातच थांबली.

"तू? तू विणतेयस?" आणि लगेच आत वळून, "मोठी आई, ये ना, बघ आई काय करतेय!" लहान मूल पहिल्यांदा स्वतःच्या हातानं जेवलं की घरातली माणसं एकमेकांना हाका मारतात, तसा तो आवाज होता.

डावा आणि उजवा, दोन्ही भाग तेव्हा विणून झाले होते. मी पाठ पलंगावर पसरली आणि दोन्ही भाग तिच्यावर मांडले. एका भागाचा गळा जिथे हवा तिथे उतरत होता. दुसऱ्याचा खांद्याकडे चालला होता. मी तो पालथा केला. गळा जागेवर आला, पण आता विणीची उलटी बाजू वर आली.

जाऊ पलंगाच्या कडेला बसली. काळ्या चष्म्यातून तिला नीट दिसत नव्हतं. तिनं दोन्ही भागांच्या कडांवरून बोटं फिरवली.

"अगो, दोन्ही डावेच हायत की!"

मुलगी पोट धरून हसायला लागली. जाऊ म्हणाली, "हसू नको गो. तिला वाटलं आसंल, बाळाला उजवी बाजू न्हाय."

मी मूळ छापील कागद काढला. उजव्या भागाच्या सूचनेत, पुन्हा आलेल्या ओळींच्या मध्येच, स्पष्ट लिहिलं होतं: गळ्याचा उतार विरुद्ध बाजूला. बाकीच्याबरोबर तेही शब्द मी कापले होते.

"दे हिकडं," जाऊ म्हणाली. "कसं फिरवायचं त्ये सांगते."

"नको. मी बघते."

तिनं सांगितलं असतं तर तो तिचा स्वेटर झाला असता. मी दुसरा भाग उसवला. पुन्हा विणला, पुन्हा चुकला, पुन्हा उसवला. लोकर शेवयांसारखी वळली.

मुलगी दिलेल्या तारखेच्या आधीच बाळंत झाली. तिलाही मुलगी झाली. माझ्या स्वेटरला तेव्हा उजवी बाजू नव्हती आणि बाह्याही नव्हत्या. बाळ घरी येईपर्यंत निदान उजवी बाजू होईल आणि स्वेटर बिनबाह्यांचा तरी घालता येईल, असा हिशोब मी करत होते.

"कशाला घाई करतेस?" जाऊ म्हणाली. "बारशापर्यंत बाळाला नवं न्हाय घालीत. वापरलेलंच घालायचं आसतं."

ती उठली आणि तिची ट्रंक उघडली. तळाशी मऊ धोतराच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं ते सोडवून माझ्या मांडीवर ठेवलं. पोपटी रंगाचा, पुढून उघडणारा, तळहाताएवढा स्वेटर. माझ्या मुलीचा पहिला. इतकी वर्षं तो तिनं डांबरगोळ्या बदलत सांभाळला होता, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे मुलीचं त्या वयातलं काहीही नाही.

डाव्या बाहीच्या टोकाला कसर लागली होती. कड विरली होती.

"माझा डोळा आसा," जाऊ म्हणाली. "ही कड तूच कर."

पोपटी लोकर कुठून आणणार? घरात फक्त माझी होती. तिनं मान हलवली. "नवी लोकर न्हाय चालायची."

"ही कितीदा उसवलीय," मी म्हणाले. "हिला नवी कोण म्हणेल?"

ती हसली आणि माझ्याजवळ सरकली. खराब भागाच्या वर एक धागा कापायचा, मोकळे झालेले टाके सुईवर घ्यायचे आणि खाली विणत यायचं, एक सुलट, एक उलट. हे माझ्या कागदात कुठेच नव्हतं. ती सांगत गेली, मी करत गेले. या वेळी नको म्हणायची सोय नव्हती. मागच्या भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट चालू होता, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट माझ्या कानाशी येऊन सांगावी लागत होती.

बाळाला घरी आणायच्या दिवशी आम्ही दोघी स्वेटर घेऊन हॉस्पिटलात गेलो. मुलीनं तो पाहिला, ओळखला आणि नाकाशी धरला.

"मोठ्या आईच्या ट्रंकेचा वास," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मग बाहीची मोत्याच्या रंगाची कड तिला दिसली. "मोठी आई, डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तुझं? कशाला विणत बसलीस?"

जावेनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मी विणली ती. डावी बाही."

"डावंच जमतं तिला," जाऊ म्हणाली.

दोघी हसल्या. मुलीनं बाळाला स्वेटर घातला आणि बाळ माझ्याकडे दिलं. त्याची मूठ कडेतून जेमतेम बाहेर आली होती. मी ती कड नाकाशी नेली. माझी लोकर त्या ट्रंकेत कधी गेली नव्हती, तरी तिलाही डांबरगोळ्यांचा वास लागला होता.