गाडीच्या टपावरचं गरम पाणी

माझ्या थोरल्या दिरांचा सोडा-लेमनचा धंदा होता. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा बाटल्या पोचवायचा जुना टेम्पो यांना देऊन टाकला. हे सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. दुसऱ्या कुणी त्यातून माल वाहिला असता, यांनी त्यात घर केलं. बाटल्यांचे कप्पे काढून बाकडी बसवली, झोपायला फळ्या, स्टोव्हसाठी कोनाडा, खिडक्यांना मी शिवलेले पडदे. सुट्टीत गावोगाव फिरायचं, कुणाच्या दारात उतरायला नको, असं त्यांच्या मनात होतं. बाहेर रंग दिला तरी लिंबाचं जुनं चित्र खालून दिसायचंच. गाडी निघाली की गल्लीतली पोरं "सोडा, गार सोडा" म्हणून ओरडायची आणि मी पदर पुढं ओढून मान खाली घालायची.

मग टपाची पाळी आली. फिरतीवर आंघोळीला गरम पाणी कुठून आणायचं, तर उन्हातून. सोलापुरात दुसरं काय मुबलक आहे, असं ते म्हणायचे. पत्र्याची एक उथळ पेटी करून घेतली, तिच्यात वळवून बसवलेला लोखंडी पाइप काळा रंगवला, वर नव्या पेठेतून आणलेली काच. पेटीच्या वरच्या अंगाला ड्रम. पाइपातलं पाणी तापलं की आपोआप ड्रममध्ये चढायचं, आणि ड्रममधून खाली मागच्या दाराशी नळ. ड्रम अक्कलकोट रोडवरच्या चादरींच्या कारखान्यातला होता, रंगाचा. यांनी तो धुण्याचा सोडा घालून, वाळूनं घासून, पुन्हा पुन्हा विसळला. अंगणात नळ सोडला तेव्हा कोमट, स्वच्छ पाणी आलं. शेजारीपाजारी बघायला आले, हसले, गेले. यांना ते हसणं ऐकू यायचं नाही. मला यायचं.

त्या हिवाळ्यात कुंभारीला, माझ्या माहेरी, माझ्या धाकट्या भावाचा साखरपुडा ठरला. मुलगी अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी माणसं. माझी आई गुडघ्यांनी बेजार होती आणि एवढ्या पाहुण्यांना चुलीवर पाणी तापवायचं म्हणून धास्तावली होती. हे म्हणाले, "आईंना सांग, पाण्याची काळजी नको. मी गाडीच आणतो."

मी म्हटलं, "एसटीनं जाऊ या की."

"आणि पाणी?"

लाज वाटते हे उत्तर त्यांना देता येण्यासारखं नव्हतं.

कुंभारीत पोचलो तेव्हा मांडवात गावातली माणसं होती. टपावरची काच उन्हात चमकत होती आणि सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. माझे वडील गावात मान असलेले, मोजकं बोलणारे. गाडीला एक चक्कर मारून त्यांनी मला विचारलं, "हे काय म्हणायचं?"

"उन्हानं पाणी तापतं, आबा."

"बरं," एवढंच म्हणाले. पण पाव्हण्यांत कुणी विचारलं तर तेच सांगू लागले, "आमचे जावई मास्तर हायत. त्यांनी केलंय." ते ऐकून मला जरा हायसं वाटलं. आपणच उगीच लाजत होतो की काय, असंही मनात आलं.

ऊन कलायच्या सुमाराला मुलीकडची माणसं आली. खडखडीत रस्त्यानं धुळीत माखलेली. मुलीचे वडील उंच, अंगात पांढरा सदरा, धोतर, पांढऱ्या मिशा. आबांनी यांना खूण केली. यांनी हौसेनं नळ सोडला, घंगाळ भरलं आणि पडवीतल्या सावलीत नेऊन ठेवलं. पाण्यातून वाफ निघत होती. तांब्याच्या घंगाळात त्याचा रंग काय, हे कुणाला कळणार? व्याह्यांनी हात-पाय धुतले, डोळे मिटून तोंडावर भरपूर पाणी मारलं. "चांगलं गरम हाय की," म्हणाले. यांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद पुन्हा कधी पाहिला नाही.

मग त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि पंचा हिरवा झाला.

ड्रमच्या सांध्यात रंग राहिला होता. घरी पाणी कोमटच होतं, म्हणून तो सुटला नाही. इथं दिवसभर पाणी तापलं, वाटेत ड्रम हिंदकळला, आणि सगळा रंग उतरला. व्याह्यांच्या मिशा पोपटी दिसत होत्या. नखं हिरवी, धोतराचा काठ हिरवा. त्यांच्या भावानं कानडीत "एनायतु?", काय झालं, म्हणून विचारलं. मागं बायकांत कुणीतरी हसलं. मुलीची आत्या मोठ्यानं म्हणाली, "शुभ कामाला आलेल्या माणसाचं हे काय करून ठेवलं?"

हे पुढं झाले. "माझी चूक आहे. रंग निघेल. खोबरेल लावून बघू या."

खोबरेल आणलं. मिशांना चोळलं. मुलीचे वडील पाटावर बसून मुकाट्यानं चोळून घेत होते आणि सगळा मांडव ते बघत होता. रंग थोडा फिका झाला, गेला नाही. आबा खांबाला हात लावून उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, यांच्याकडंही नाही. मला वाटलं, कुणीतरी ओरडावं, म्हणजे हे संपेल. कुणी ओरडलं नाही. शेवटी व्याहीच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मुहूर्त चुकंल."

साखरपुडा झाला. नारळाच्या ओट्या भरल्या, पेढे वाटले. पण जेवणाच्या पंगतीत बोलणं असं नव्हतंच, वाढणाऱ्यांचे आवाज तेवढे. हे पंगतीला बसले नाहीत. गाडीमागं उभं राहून ड्रम रिकामा करत होते. हिरवं पाणी उकिरड्याकडं वाहत गेलं आणि लहान पोरं त्यात पाय बुडवून नाचली.

निघताना आबांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी हळू होता.

"पोरी, जावयांना सांग, गाडी मारुतीच्या पारापासनं नेऊ नका. तितं मानसं बसल्यात. मागच्या वड्याच्या वाटंनं जावा."

सकाळपासून मला यांची लाज वाटत होती. आता वडिलांना आमची लाज वाटत होती. मी "बरं" म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले. यांना सांगायचं नाही, असं ठरवलं. पारावरून जाऊ, हसू देत हसणाऱ्यांना.

यांनी गाडी सुरू केली, चौकाशी आणली, आणि कुणी न सांगता ओढ्याच्या वाटेला वळवली.

लग्नाला आम्ही एसटीनं गेलो. भावजय घरी आली, गुणी निघाली, माझ्या आईची तिनं खूप सेवा केली. ठरलेलं काही मोडलं नाही. पण आबा पुन्हा कुणाला "आमचे जावई मास्तर हायत" असं सांगताना मी ऐकलं नाही, आणि हे माझ्या माहेरी गेले की दाराजवळची जागा धरून बसायचे.

गाडी बरेच दिवस अंगणात उभी होती. एक दिवस यांनी जुना ड्रम काढला आणि नवीन पत्र्याची टाकी बसवली. या वेळी शेजाऱ्यांना बोलावलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हणाले, "चल, कुठंतरी जाऊ. ओळखीचं कुणी नसेल अशा ठिकाणी."

भीमेच्या काठी एका बाभळीखाली गाडी लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडीच्या मागच्या दोन दारांमध्ये चादर बांधून त्यांनी मला आडोसा केला. रात्री टाकीवर गोधडी टाकली होती, त्यामुळं आदल्या दिवसाच्या उन्हाचं पाणी अजून चांगलं गरम होतं, आणि नितळ. मी सावकाश आंघोळ केली.

चादरीपलीकडून त्यांनी विचारलं, "कसं आहे?"

"छान आहे," मी म्हटलं. आणि म्हणताना माझा आवाज आपोआप खाली आला. पलीकडच्या काठावर कुणी धुणं धूत होतं. त्या धुणाऱ्यांना ऐकू गेलं असेल का, हे मी चादरीच्या कडेनं बघत होते.