पत्रावळीवरचा हात

जळगाव जामोदच्या आसपास कुणाच्या घरी लग्न निघालं, की मंडपवाल्याला सांगावा जायच्या आधी एका माणसाकडे जायचा. इंद्रभानभाऊकडे. कणकेच्या बट्ट्या कुणीही भाजो, वरणाला फोडणी कुणीही देवो, तुपाची तपेली इंद्रभानच्याच हातात पाहिजे, असा तिकडचा रिवाजच पडून गेला होता.

तसं पाहिलं तर माणूस साधा. सातपुड्याच्या पायथ्याशी थोडी जमीन, तीत कपाशी आणि तूर, विहिरीजवळ वांगी-मिरच्यांचे वाफे. शेतकरी म्हणून त्याचं नाव कुणी काढत नसे. पण पायजमा वर खोचून, खांद्यावर दुपट्टा टाकून तो तपेली घेऊन पंगतीत शिरला, की बसलेली माणसं आधी सावरून बसायची. का, ते सांगतो. जेवणारा पत्रावळीवर हात आडवा धरतो, म्हणजे 'बस झालं' म्हणतो. बाकीचे वाढपी तो हात पाहून पुढं सरकतात. इंद्रभान सरकत नसे. तो त्या हातावरच ओतायचा. कोमट तूप बोटांच्या फटींतून खाली चुरलेल्या बट्टीत उतरायचं आणि हा म्हणायचा, "चाटा आता, पाव्हणे! लाजू नका."

एकदा कचेरीतले एक साहेब पांढरा शुभ्र शर्ट घालून पंगतीला बसले होते. त्यांनी हात धरला. तूप पार कोपरापर्यंत गेलं. साहेब लालबुंद होऊन उठायला लागले, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, फसकन हसले आणि खाली बसून आणखी एक बट्टी मागून जेवले. इंद्रभानवर चिडणं कुणाला जमतच नसे. बुफेचा मात्र त्याला भारी राग. "उभ्या-उभ्या तं बैल खाते," म्हणायचा.

ह्या खोडीला एक मूळ होतं. बहात्तरच्या दुष्काळात, इंद्रभान लहान पोरगा असताना, कुण्या नातलगाच्या लग्नात पंगतीला बसला होता. पत्रावळीत कोरडी बट्टी. तूपवाला आला, त्याच्याकडे पाहून म्हणाला, "हे पोट्टं कायचं खाते," आणि त्याला ओलांडून शेजारच्याला वाढून गेला. विचारलंसुद्धा नाही. ती कोरडी बट्टी इंद्रभान जन्मभर विसरला नाही. आपल्या हातात तपेली आली तेव्हा त्यानं ठरवून टाकलं, की आपल्या पंगतीतून कुणी कोरडं उठणार नाही. नातीला, मयुरीला, ही गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली होती की तिला ती तोंडपाठ होती.

मयुरी म्हणजे त्याच्या मुलाची, गोविंदाची, एकुलती एक लेक. आबाचा जीव की प्राण. अंगणवाडीत जायची तेव्हापासून तिची बट्टी आबानंच चुरायची, तूप आबानंच सोडायचं. रडली की खाऊ, हसली की खाऊ, परीक्षेला निघाली की खाऊ. "जेवली का माय?" एवढा एकच प्रश्न त्याला यायचा, पण त्यात सगळं आलं. पोर गुटगुटीत झाली तसा तो गावभर मिरवायचा, "खात्यापित्या घरची हाये."

गुटगुटीतपणा मात्र थांबेना. नववीत गेली तोवर शाळेचा जिना चढताना तिला धाप लागायला लागली. वर्गात बसल्या बसल्या डोळा लागायचा, पोरी हसायच्या. मानेवर काळपट वळी पडली होती. तिची आई पूनम दर आंघोळीला बेसन लावून ती खसाखसा घासायची, पोर कळवळायची, पण ते काळं काही निघेना. आणि एका दुपारी इंद्रभान शेतातून आला, तर मयुरी बाजेवर झोपलेली. घोरत होती. घोरता घोरता एकदम गप्प झाली. छाती हालेना. इंद्रभान धावला. त्यानं तिला गदागदा हलवलं, तेव्हा तिनं घुसमटल्यासारखा श्वास ओढला आणि कूस बदलून पुन्हा झोपली. तो तिथंच बाजेच्या पायाशी बसून राहिला. तिला पुन्हा एकटी झोपू द्यायचा त्याला धीर झाला नाही.

तिथून दवाखाने सुरू झाले. आधी बुलढाणा, मग मलकापूरहून गाडीनं नागपूर. नागपूरच्या डॉक्टर अर्पिता लहान मुलांच्या लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या. त्यांनी मयुरीला तपासलं आणि सगळ्यांत आधी हे सांगितलं, "हिचा दोष नाही. काही शरीरांची घडणच अशी असते, चरबी धरून ठेवणारी." मानेवरचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, साखर बिघडत चालल्याची खूण, हेही सांगितलं. ते ऐकून पूनमनं तोंडाला पदर लावला आणि घासून घासून लाल केलेल्या त्या मानेवरून हलकेच हात फिरवला.

औषधं झाली, चालणं झालं, खाण्याचं पथ्य झालं, वर्ष सरलं. वजन थोडं हालायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. झोपेत श्वास अडकणं काही थांबेना. तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचं काढलं. पोट फाडायचं नाही. बारीक छिद्रं पाडायची, एकातून दुर्बीण आत सोडायची आणि पडद्यावर पाहत पाहत जठराचा मोठा भाग काढून टाकायचा. उरेल ते केळ्याएवढं निमुळतं.

"म्हणजे माह्या नातीचं पोट लहान करता?" इंद्रभाननं विचारलं. लोकांची पोटं भरण्यात हयात गेलेला माणूस तो. त्याला हे कसं गिळावं?

"जीव मोठा राहावा म्हणून, आबा," डॉक्टर म्हणाल्या. "पण ऑपरेशन माझं काम, पुढचं जेवण तुमच्या घराचं. घर साथ देणार नसेल तर मी हिला टेबलावर घेणार नाही. आत्ता हिचं लिव्हर चरबीनं फुगलंय, ते जरा उतरलं तरच दुर्बिणीला जागा मिळेल. तोवर पथ्य कडक. घरी हिला वाढतं कोण?"

गोविंदानं खाली पाहिलं. पूनमनं सासऱ्याकडे पाहिलं. आणि आमचा हा शहाणा छाती पुढं काढून म्हणाला, "मी वाढतो!"

घरी आल्यावर पूनमनं पथ्य सुरू केलं. मुगाचं वरण, काकडी, एखादी पातळ भाकर. मयुरी निमूट जेवायची. इंद्रभानला मात्र ते ताट पाहवेना. त्याला तिथं ती बहात्तरची कोरडी बट्टी दिसायची. दोन-चार दिवस कळ काढली, आणि मग म्हणाला, "चाल माय, वांगे तोडून आणू." शेतात लिंबाखाली त्यानं गोवऱ्या पेटवल्या, बट्ट्या भाजल्या, खिशातून तुपाची बाटली काढली. "खाय. कोणी पाहून नाई राह्यलं." मयुरीनं आबाकडे पाहिलं, बट्टीकडे पाहिलं, आणि खाल्ली. मग दर आठवड्याला वांगी तोडायची निघायला लागली. एवढी वांगी त्या घरात कुणी खातही नव्हतं.

पुढच्या खेपेला नागपूरला काट्यावर उभी केली तर वजन वाढलेलं. लिव्हर तसंच. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "असं कसं झालं?"

"मीच खाल्लं," मयुरी पटकन बोलून गेली. "शाळेतून येता-जाता. चोरून."

पूनमचा तोल सुटला. "अवं, जीव तोडून करू राह्यली मी तुह्यासाठी! कितीदा सांगतलं तुले?"

पोर मान खाली घालून बोलणी खात होती. तिनं आबाकडे एकदाही पाहिलं नाही. तेच इंद्रभानला लागलं.

"थांब पूनम," तो म्हणाला. "तिनं नाई काही चोरलं. म्या देल्लं. शेतात नेऊन देल्लं. पोरगी भुकेली राह्यत होती, मॅडम, मले पाहवलं नाई."

"मले भूक नव्हती, आबा," मयुरी हळूच म्हणाली.

इंद्रभान तिच्याकडे वळला. "मंग काऊन खाल्लं, माय?"

"तुमी एवढ्या हौसेनं भाजत होते. नाई म्हटलं असतं तं तुमचं तोंड एवढंसं झालं असतं." मग म्हणाली, "आन् हात धरून तरी काय उपयोग होता? तुमी तं हातावरच ओतता."

 ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर इंद्रभान कितीतरी वेळ आपले पंजे पाहत बसला. लोकांच्या हातावर तूप ओतणारे ते हात. आपण त्या पोरीला विचारलंच नव्हतं, हे त्याला तिथं बसून कळलं, आणि इतकं वाईट वाटलं की त्यानं दुपट्टा तोंडावर घेतला. मयुरी शेजारी येऊन बसली.

"चुकलो, माय," तो दुपट्ट्याआडून म्हणाला.

"असू द्या, आबा," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्याला टेकली.

त्या दिवसापासून घरात दोन ताटं सारखी लागायला लागली, नातीचं आणि आबाचं. तिला मूग तर ह्यालाही मूग. तिला काकडी तर ह्यालाही काकडी. लग्नसराई आली, बोलावणी आली, पण त्यानं तपेली हातात घेतली नाही. कुणी विचारलंच तर "हात दुखते," म्हणायचा. मयुरीचं वजन थोडं उतरलं, लिव्हरही उतरलं, आणि ऑपरेशन झालं. इंद्रभाननं दाराबाहेर बसून सगळ्या देवांना हाका मारल्या. मारुतीला जरा जास्तच.

पोर घरी आली तशी भेटायला रीघ लागली. शेजारच्या रुखमाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. मयुरीच्या पोटावरच्या बारीक पट्ट्या पाहून त्यांचा पार विरस झाला. "एवढुशा टिकल्या? ह्याले का ऑपरेशन म्हणते? माह्या जावयाले तं हा एवढा चिरा होता!" असं म्हणून त्यांनी डबा उघडला. इंद्रभान दारातच बसला होता. त्यानं डब्याचं झाकण परत लावलं.

"वहिनी, लाडू घरी न्या."

"भाऊ, तुमी?" रुखमाबाईंनी गालाला हात लावला. "तुमी म्हणून राह्यले हे?"

"हाव. मीच म्हणून राह्यलो."

वरणाचं निव्वळ पाणी चमच्या-चमच्यानं तोच पाजायचा. प्रत्येक चमच्यानंतर विचारायचा, "आणखी?" ती "बस" म्हणाली की थांबायचा. पहिले काही दिवस 'बस' ऐकूनही त्याचा हात आपोआप पुढं जायचा, आणि मग त्याचा तोच जीभ चावून चमचा मागं घ्यायचा. मयुरीला हसू यायचं, आणि हसलं की टाके ओढायचे.

सगळं काही जादूनं झालं नाही. कधी उलट्या झाल्या, केस गळाले, गोळ्या तर कायमच्याच लागल्या. पण वजन उतरत गेलं. मानेवरचा काळेपणा फिकटला. रोज संध्याकाळी आजा-नात गावाबाहेरच्या रस्त्यानं चालायला जायचे, आणि पुढं पुढं आबालाच धाप लागायची. मयुरी दुपारी झोपली की तो अजून बाजेपाशी येऊन कान देऊन उभा राहायचा. श्वास एका लयीत चाललेला असायचा.

मग हिंमतरावाच्या नातवाचं लग्न निघालं. हिंमतराव म्हणजे इंद्रभानचा बालमित्र, फार हट्टी. पोरांनी बुफे ठरवला होता, तो त्यानं मोडला आणि तपेली घेऊन इंद्रभानच्या दारात आला. "हात दुखते म्हणशीन तं याद राख बे. माह्या नातवाचं लग्न हाये." नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

पंगत बसली. हिंमतराव मुद्दाम मधोमध बसला, आणि मयुरी त्याच्या शेजारी. तिच्या पत्रावळीत अर्धी बट्टी, थोडं वरण, वांग्याच्या भाजीची एक फोड. इंद्रभान तूप वाढत वाढत आला. हिंमतरावानं ऐटीत हात आडवा धरला आणि इंद्रभाननं तो जुन्या सवयीनं न्हाऊ घातला. सगळी पंगत हसली. हिंमतराव बोटं चाटत म्हणाला, "आता लागलं लग्न!"

आता मयुरी. मंडपातल्या बायका माना वळवून पाहायला लागल्या. आजा काय करतो, ते साऱ्यांनाच पाहायचं होतं. इंद्रभानला वाटलं, न बोलता पुढं सरकावं. पण तो थांबला. विचारल्याशिवाय ओलांडून जायचं? ते तर बहात्तरला त्याच्यासोबत झालं होतं. तो तिच्या पत्रावळीसमोर वाकला, तपेली कलती केली आणि म्हणाला, "घेशीन का, माय?"

मयुरीनं वर पाहिलं. ह्या पोरीनं जन्मात कधी आबासमोर हात धरला नव्हता. आत्ताही तिचा हात मांडीवरच होता. इंद्रभान वाट पाहत राहिला. तूप तपेलीच्या काठाशी येऊन थांबलं होतं. त्याच्या मनात एकच होतं, की धर माय, एकदा धर.

तिनं हात उचलला आणि पत्रावळीवर आडवा धरला. "बस, आबा. एवढ्यातच पोट भरते माह्यं."

"ओता, भाऊ!" मागून कुणीतरी ओरडलं. "काऊन थांबले?"

इंद्रभाननं तपेली सरळ केली. "माह्या नातीनं हात धरला," तो साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाला. "बस म्हटलं तिनं. बस म्हणजे बस."

काठाशी अडकलेला तुपाचा एकच थेंब निसटला आणि मयुरीच्या बोटावर पडला. इंद्रभान तिथंच उकिडवा बसला, खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक काढलं आणि तिचं बोट पुसून कोरडं केलं. मग उठला आणि पुढच्या पत्रावळीकडे गेला.