गोजाबाईंचं कुर्डू

मला लिहायची सवय नाही, तरी गोजाबाईंबद्दल लिहावंसं वाटलं.

दिघीत आमच्या सोसायटीची भिंत आणि ओढा यांच्यामध्ये दहा हात रुंद पट्टी आहे. कधीकाळी हे सगळंच गोजाबाईंचं शेत होतं. आता त्या पट्टीतच कुर्डू, तांदुळजा अशा रानभाज्या आपोआप उगवतात. पलीकडे लष्कराच्या तारेआड रान आहे, पण तिथं जाता येत नाही. म्हणून सत्तरी ओलांडलेल्या गोजाबाई टोपली घेऊन इथंच येतात.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, अशी रीत. त्या दिवशीची रानभाजी आमच्या तिन्ही इमारतींना गोजाबाईच देतात.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर सोसायटीनं तणनाशक मारायला माणूस बोलावला. गोजाबाई कुर्डूत फतकल मारून बसल्या. पंप पाठीला लावून तो माणूस अवघडून उभा राहिला. मीही खाली गेलो. आमची सेक्रेटरी मिनल धावत आली.

"आजी, उठा ना. डास होतात इथं."

"डास गटारीत व्हत्यात, कुर्डूत न्हाई. आणि पंचमीला तुझी सासू काय खाईल?"

"मंडईतली भाजी आणू. आता बैल राहिलेत कुठं? सगळं ट्रॅक्टरचंच."

"मग पोळ्याला ट्रॅक्टरलाच पुरणपोळी चार!"

पंपवाला हसला. मिनललाही हसू आवरेना. मग गोजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "दसऱ्यापत्तूर थांब, पोरी. तुरं आत्ताशी आल्यात. बी झडायच्या आत जाळलंस, तर पुढच्या साली काय बी उगवायचं न्हाई. मला दुसरी जागा न्हाई."

मिनल त्या पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांकडे पाहत राहिली. "दसऱ्यापर्यंत. एक दिवसही जास्त नाही."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फवारणी झाली. पट्टी पिवळी पडत गेली. मला फार वाईट वाटलं. गोजाबाई दिसल्या तेव्हा तसं म्हणालो.

"जळू द्या की, दादा," त्या म्हणाल्या. त्यांनी आधीच वाळके तुरे खुडून बी हातावर चोळलं होतं आणि ट्रान्सफॉर्मरच्या मागं, फरशांच्या फटींत, जिन्याच्या कोपऱ्यात टाकलं होतं. "एका जागी ठिवलं की एका पंपात जातंय."

मग इकडंतिकडं पाहून म्हणाल्या, "मिनलच्या गाडीच्या जागंवर बी टाकलंय. तिला सांगू नका."

मी अजून सांगितलेलं नाही.