मोटारीचं घर, विभावरीच्या विटा

वासाची सवय होते, असं विभावरी खिरवडकरला सगळ्यांनी सांगून पाहिलं. सासूबाईंनी सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, नवऱ्यानं तर लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तिला आठ वर्षांत ती सवय झाली नाही.

हिंदी मुलखातल्या रांझीत, लष्करी सामानाच्या कारखान्याच्या वस्तीमागं, त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. अंगणाच्या टोकाला टोपलीचा संडास होता. रोज सकाळी सुखिया नावाची बाई मागच्या दारानं यायची, टोपली काढायची आणि डोक्यावर घेऊन जायची. विभावरी तिच्याकडे बघू शकत नसे. सुखियाची किळस नव्हती ती. एका बाईनं दुसऱ्या घरची घाण डोक्यावरून न्यावी आणि त्या घरातल्यांनी त्याच वेळी आत बसून चहात पाव बुडवावा, याची होती. सुखिया एखादा दिवस आली नाही की माश्या संडासातून उठून थेट स्वयंपाकघरात येत आणि मनीषाच्या दुधाच्या पेल्यावर बसत.

मनीषा सहा वर्षांची होती. लागोपाठ तीन उन्हाळे तिला रक्ताची आव झाली. दुसऱ्याच खेपेला पोरगी इतकी वाळली की हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत. सिविल लाइंसचे डॉक्टर विभावरीला म्हणाले, "दवा तो मैं दे दूँगा, बहनजी, लेकिन मक्खियाँ कहाँ से आती हैं, पहले वो देखिए."

कुठून येतात ते विभावरीला ठाऊक होतंच. ती बी.ए. झालेली, वस्तीतल्या प्राथमिक शाळेत शिकवत असे. त्या दिवसापासून तिनं आपल्या पगारातून विटा घ्यायला सुरुवात केली. जमेल तेव्हा एक हातगाडी. दीड वर्षात कडुलिंबाखाली छातीएवढा ढीग झाला. सेप्टिक टँकचा पक्का संडास बांधायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं. टाकीचा खड्डाही तयार होता. पासष्टच्या लढाईत विमानं येतील म्हणून प्रत्येक अंगणात खंदक खणले गेले, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, नीलकंठनंही खणला होता. पुरुषभर लांब, गळ्याएवढा खोल. बाकीच्यांनी आपापले खंदक बुजवले. यांचा आळसानं तसाच राहिला होता.

नीलकंठ कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर होता. हात असा सफाईचा की साहेब लोक त्याचं काम दुसऱ्यांना दाखवत. एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर त्यानं लिलावातून एक जुनी काळी मोटार आणली. ती स्वतःच्या पायानं आली नाही. चौघांनी ढकलत आणली. मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं आणि दार उघडलं की मेलेल्या उंदराचा भपकारा येई.

"सुंदर आहे की नाही?" नीलकंठनं विचारलं.

विभावरीनं नाकाला पदर लावला.

मोटार उघड्यावर गंजेल म्हणून गॅरेज हवं, असं त्याच आठवड्यात ठरलं. ठरवणारे चौघे. नीलकंठ स्वतः. त्याचा धाकटा भाऊ अच्युत, जो ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढी. मोहन, वेल्डर. आणि बापू, इन्स्पेक्शनवाले. खिशात कायम खडू, आणि पास झालेल्या वस्तूवर बरोबरची खूण करायची इतकी सवय की एकदा त्यांनी विभावरीच्या पोळ्यांच्या डब्यावर केली होती.

विटांचं काय झालं ते विभावरीला शाळेतून परत आल्यावर दिसलं. ढीग अर्ध्यावर आला होता. खंदकाला आतून विटांचं अस्तर लागलं होतं, वर सिमेंटचा गिलावाही चढला होता. मोटारीच्या पोटाखाली उभं राहून काम करायला असा खड्डा लागतो म्हणे.

"माझ्या विटा होत्या त्या," ती म्हणाली.

"काहून रुसून राहिली? विटा कुठं पळून चालल्या काय?" नीलकंठ हसत म्हणाला. "मोटार धावायला लागली की दुसऱ्या आणू. मनीषाला डॉक्टरकडे मोटारीतून नेशील."

"डॉक्टरकडे न्यायला लागू नये म्हणून आणल्या होत्या."

"वहिनी, बस दोन-तीन रविवार," अच्युत म्हणाला. "मग तुमचा संडास मी स्वतः ड्रॉइंग काढून देतो. एकदम फर्स्ट क्लास."

मनीषा पायरीवर बसून बापाला बघून टाळ्या वाजवत होती. तिच्यादेखत विभावरीला भांडता आलं नाही. तिनं उरलेल्या विटांवर गोणपाट टाकलं, वर पाटा ठेवला आणि सांगितलं, "याला हात लावायचा नाही."

गॅरेज बांधायची त्यांची रीत कारखान्याची होती. मोटार फळ्यांवरून खड्ड्याच्या वर नेऊन उभी केली. मग तिची चारही चाकं काढून टायरांवर नवीन रबर चढवायला घमापुरात पाठवली आणि मोटार खाली विटांवर बसवली. ती तशी बसलेली असताना अच्युतनं माप घेऊन नकाशा काढला. नीलकंठ कुठूनशा आणलेल्या जुन्या विटांनी नकाशाप्रमाणे भिंती उचलू लागला. मोहननं दाराच्या वरचं लोखंड कापून जोडलं. बापूंनी पट्टी लावून प्रत्येक गोष्ट तपासली आणि खडूनं खूण केली. आपलं काम झालं की प्रत्येक जण हात पुसून विडी ओढायला बसे. दुसऱ्याच्या कामात डोकं घालणं हा तिकडे अपमान समजत, आणि ते घरीही तसेच वागत.

दार विभावरीच्या खांद्याएवढंच झालं. चहा न्यायला तिला कमरेत वाकावं लागलं. ती म्हणाली, "हे फार बुटकं नाही का झालं?"

"वहिनी, गाडीसाठी आहे ते, माणसासाठी नाही," बापू म्हणाले. "टपाच्या वर दोन बोटं जागा सोडली. नकाशात आहे. विटाही वाचल्या तुमच्या."

तिनं कप ठेवले आणि ती परत फिरली. खड्ड्याच्या तोंडाशी जळक्या ऑइलचा, विडीचा आणि आणखी कसलासा वास होता. तो आणखी कसला, ते तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

एका सकाळी सुखिया टोपली काढून झाल्यावर तिथं थांबली. तिनं पत्रा, भिंती, पॅकिंगच्या फळ्यांची दारं, सगळं पाहिलं.

"मोटर का घर बन गया, बाई?"

"हो."

"पक्का है." ती थोडं थांबली. "हमको भी बोला था ना आपने, कि पक्का बनेगा."

विभावरी विटांवरचं गोणपाट सारखं करायला वळली. त्या दिवशी तिनं घरात कुणालाच धड उत्तर दिलं नाही.

डिसेंबरात लढाई लागली. कारखान्यात बारा बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. खिडक्यांना काळा कागद लागला. सरकारी माणूस दारोदार सांगून गेला की भोंगा झाला की खंदकात जायचं, मंगळवारी दुपारी सराव आहे. रांझीतल्या बायका बुजवलेले खंदक पुन्हा उकरू लागल्या. विभावरीकडे तयार होता, तोही विटांचा आणि गिलावा केलेला.

मंगळवारी भोंगा झाला. ती मनीषाला घेऊन गॅरेजात वाकली आणि मोटारीखालच्या खड्ड्यात उतरली. चपला बुळबुळीत ऑइलमध्ये घसरल्या. वरून एक काळा थेंब मनीषाच्या भांगात पडला, मग दुसरा. विड्यांची थोटकं, तेलकट चिंध्या, केळ्याची सालं. आणि मग तो वास, जो तिला ओळखीचा व्हायला नको होता. खड्ड्याचा मागचा कोपरा ओला होता. भिंतीवर पांढरट ओघळ होते, कमरेएवढ्या उंचीवरून खाली आलेले. त्यावर माश्या होत्या.

"आई, इथं कोणीतरी सू केली," मनीषा म्हणाली.

भोंगा संपेपर्यंत हलायचं नव्हतं. विभावरी पोरीला कडेवर घेऊन त्या खड्ड्याच्या मधोमध उभी राहिली, म्हणजे कुठल्याच भिंतीला पोरीचं अंग लागणार नाही. हात भरून आले तरी तिनं तिला खाली ठेवलं नाही. सगळं तिला आता स्वच्छ कळलं. त्या चौघांनाही टोपलीच्या संडासाची किळस येत होती, नवऱ्यालासुद्धा. वास बायकामुलांनी सोसायचा होता. त्यांनी स्वतःपुरती सोय करून घेतली होती. तिच्या विटांवर.

वर आल्यावर तिनं मनीषाला दोनदा आंघोळ घातली.

नीलकंठला तिनं लगेच काही विचारलं नाही, कारण तो पाळीवरून येऊन झोपे आणि उठून पाळीवर जाई. दोन आठवड्यांत लढाई संपली. पुढच्या रविवारी चौघे जमले. चाकं नवी होऊन आली होती, इंजिन सुरू झालं होतं. गल्लीतली दहा-पंधरा माणसं बघायला आली. मोहननं हार आणला, नारळ फुटला. मोटार उचलून चाकं बसवली, विटा काढल्या आणि नीलकंठ ऐटीत स्टीअरिंगमागं बसला.

मोटार हातभर पुढं आली आणि टप दाराच्या लोखंडावर खणकन आपटला.

"रोक! रोक!" मोहन ओरडला.

नीलकंठ खाली उतरला आणि चौघे बघू लागले. टप दाराच्या चांगला वीतभर वर होता. अच्युतनं नकाशा उघडला. बापूंनी पट्टी लावली. दार नकाशाप्रमाणे बरोबर होतं, सुताचा फरक नव्हता.

"ड्रॉइंग चूक आहे," नीलकंठ म्हणाला.

"ड्रॉइंग एकदम बरोबर आहे, दादा. तेव्हा गाडी एवढीच होती."

"तेव्हा चाकं नव्हती रे बाबा!"

"मला जी दाखवली तिचं माप घेतलं मी. चाकं फिटिंगचं काम, माझ्या सेक्शनचं नाही!"

बघायला आलेली माणसं हसू लागली. "खिरवडकर भैया, छत खोलके उड़ा दो!" कोणीतरी म्हणालं. टायरांची हवा काढून पाहिली. तरी चार बोटं कमीच पडत होती. शेवटी बापूंनी घसा खाकरला.

"काही नाही, वहिनी. दार वर उचलू. तीन-चार थर विटा लागतील, बस." आणि चौघांची नजर कडुलिंबाखालच्या गोणपाटाकडे गेली.

विभावरी त्यावर जाऊन बसली.

"एक वीट मिळणार नाही," ती म्हणाली.

"अगं, लोकांसमोर..." नीलकंठ हळू बोलला.

"लोकांसमोरच बोलते. सरावाच्या मंगळवारी भोंगा झाला तेव्हा मी मनीषाला घेऊन तुमच्या खड्ड्यात उतरले होते. मागच्या कोपऱ्यात काय आहे, सांगू? की कोण सांगतंय? अच्युत भाऊजी, तुमचं ड्रॉइंग काढा. बापू, तुम्ही तपासलं असेल ना? त्यावर खूण केली का खडूची?"

बापूंनी पट्टी खिशात घातली. मोहन हाराची फुलं निवडू लागला. नीलकंठचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"त्या खड्ड्याचं काय करायचं ते तुम्ही चौघांनी ठरवून टाकलंच आहे," ती म्हणाली. "मी फक्त वर फरशी टाका आणि भांडं बसवा म्हणते. नाहीतर मी मनीषाला घेऊन नागपूरला, माहेरी चालले. हा उन्हाळा ती इथं काढणार नाही."

नीलकंठ मोटारीखाली सरकला आणि आतून म्हणाला, "मोहन, जॅक आण."

चाकं पुन्हा काढली. पाइपांवरून सरकवत मोटार बाहेर ओढली, ती कडुलिंबाखाली कायमची बसली. खड्डा चौघांनी स्वतः धुतला. सुखियाला सांगू या, असं अच्युत म्हणाला, तेव्हा विभावरीनं झाडू त्याच्याच हातात दिला. उरलेल्या विटांनी दार उचललं. माप घेताना तिनं बापूंना हातात भरलेली बादली देऊन दारातून दोनदा चालवलं. होळीच्या आधी संडास तयार झाला.

सुखियाला तिनं शाळेत झाडलोटीचं काम मिळावं म्हणून मुख्याध्यापकांकडे चार खेपा घातल्या. काम मिळालं. शाळेतल्या कामाच्या पहिल्या दिवशी सुखिया अंगणात येऊन त्या लांबरुंद पत्र्याच्या इमारतीत डोकावली. मोटार मावेल एवढी जागा, आणि कोपऱ्यात एक भांडं.

"बाई, ये तो राजा का संडास है," ती म्हणाली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढच्या घरी गेली. पुढच्या घरी अजून टोपलीच होती, आणि महिनाअखेरीपर्यंत ते काम तिला सोडता येत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मनीषा आजारी पडली नाही. नीलकंठ हे सगळ्यांना आपल्या कामाचं उदाहरण म्हणून सांगे. विभावरी ऐकून घेई. पाणी मात्र ती उकळूनच देत राहिली, पोरगी कॉलेजला जाईपर्यंत, आणि दुधाच्या पेल्यावर बशी ठेवायला घरातल्या कुणालाही सांगत नसे. ती स्वतः ठेवी.