पाहुण्यानं ओतलेलं दूध

खामगावात आमचं घर दंगलीच्या मैदानाला लागून होतं. मधे एक मातीची भिंत, भिंतीपलीकडे कुस्तीचा हौद. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, साहेबलोक नागपूरहून यायचे. पण आमच्या मोहल्ल्याचा सगळा कारभार या मैदानावर चालायचा. कापसाच्या जिनातून सुटलेले गडी, पिंजारी, सुतार, झाडून सगळे संध्याकाळी तिथे. कोणाची जोड चांगली रंगली की एक जण तरी म्हणायचाच, "नुरा होती बे." नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. मी तरी कुठे वेगळी? अजूनही मेथीची जुडी सोडून पाहिल्याशिवाय घेत नाही.

माझा मोठा भाऊ त्या आखाड्यातला पहिला गडी. उस्तादजी थकले होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं, धामणगाव बढ्याच्या पहिलवानाला पाडलं तर आखाडा तुझ्या हाती देतो. पण कुस्ती साफ पाहिजे, कोणी बोट दाखवता कामा नये. भावाला दुसरं काहीच नको होतं. लग्नाचा विषय काढला तरी म्हणायचा, "आंधी आखाडा, मंग लगन."

आमच्याकडे रीत अशी की बाहेरगावचा पहिलवान ज्याच्याशी भिडणार त्याच्याच घरी उतरायचा. म्हणजे त्याच्या जिवाला काही झालं तर जाब यजमानाला. तसा तो धामणगावचा गडी आमच्याकडे आला. ओसरीवर बसला, पण नजर सारखी स्वयंपाकघराकडे. आईनं बदाम वाटून घातलेलं म्हशीचं दूध दिलं, तर तांब्या घेऊन गोठ्याकडे गेला. मला राहवलं नाही, मी मागून गेले. मेल्यानं सगळं दूध उकिरड्यावर ओतलं आणि धोतराच्या गाठीतले फुटाणे तोंडात टाकले! रात्रीची भाकर तर आमच्या गाईनंच खाल्ली. अंगाचा तिळपापड झाला माझा. पण आईला सांगितलं असतं तर ती रडून जीव देती, म्हणून मी ओठ शिवले.

दंगलीच्या दिवशी आम्ही बायका धाब्यावर. आमच्या घरांची छतं मातीची, सपाट. बायकांनी कुस्ती पाहायची ती तिथूनच. तहसीलदारसाहेब खुर्चीवर, पुढ्यात बक्षिसाचा जरीचा फेटा. जोड लागली आणि पाहुण्याचा दम लवकरच सुटला. भावानं त्याला चितपट केलं आणि साहेबांनी तो फेटा भावाच्या डोक्यावर ठेवला. मी टाळ्या पिटतेय तोवर खालून आवाज आला, "दुधात काहीतरी होतं!"

झालं. सगळा मोहल्ला उठला. काल ज्यांनी भावाला खांद्यावर घेतलं असतं तेच, "धतुरा देला असन," म्हणू लागले. उस्तादजींनी काठी आपटली आणि पाहुण्याला सगळ्यांसमोर विचारलं, "सच बोल बेटा. याच्या घरचं दूध पेला का?"

आता हा खरं बोलला असता तर एका शब्दात भाऊ सुटला असता. पण पाहुण्यानं यजमानाच्या घरचं अन्न टाकलं हे चारचौघांत सांगायचं म्हणजे त्या घराच्या तोंडाला काळं फासणं. त्यानं मान खाली घातली. "हाव, पेलो. दोन्ही येळा पेलो. लय गोड होतं."

म्हणजे मान राखायला गेला आणि गळाच कापला! भाऊ नुसता उभा, अंगावरची माती वाळत चाललेली. माझं डोकंच फिरलं. धाब्याच्या काठावर येऊन मी ओरडले, "खोटं बोलून राह्यला तो! एक घोट घेतला नाई त्यानं. समदं उकिरड्यावर ओतलं!"

आईनं माझा दंड धरून मागे ओढलं. "माह्या दुधाले इख समजला का व थो?" एवढंच म्हणाली आणि खालीच बसली.

पाहुण्यानं शेवटी कबूल केलं. निघताना बापानं शपथ घातली होती, खामगावचं पाणीसुद्धा पिऊ नको म्हणून. तर लगेच दुसरं टोळकं उठलं. "मंग उपाशी माणसाले पाडलं! त्याच्यात काय मर्दुमकी?" या लोकांचं समाधान ब्रह्मदेवाच्या बापाला जमलं नसतं. भावानं डोक्यावरचा फेटा काढून साहेबांपुढे ठेवला. "पुढच्या बाजाराले पुन्हा लढतो. पण तोवर यानं माह्या मायच्या हातचं खावं, माह्याच ताटात."

पाहुणा राहिला. दोघं एका ताटात जेवायचे आणि आई समोर बसून त्याचा घासन्‌घास पाहायची. गोठ्यात दोघांचं हसणं ऐकू यायचं. एकदा तो म्हणाला, "हरून गेलो तं बाप उंबरा चढू देणार नाई." भावानं आपल्यापुढचं दूध त्याच्याकडे सरकवलं.

दुसरी कुस्ती पाहुण्यानं मारली, भावाचा उजवा पाय धरून. मोहल्ल्यात लगेच सुरू, "नुरा!" उस्तादजी मात्र हौदात उतरले, भावाच्या पाठीवरची माती स्वतःच्या हातानं झाडली आणि म्हणाले, "हरला तं हरला. कुस्ती साफ होती. सकाळी ये, आखाडा सांभाळ." भाऊ घरी आला तो हसतच. इतका हलका मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मी पाणी दिलं आणि विचारलं, "खरं सांग दादा. मुद्दाम पडला का रे?"

त्याचा हात तांब्यावरच थांबला. "मोहल्ल्याचं मले काई नाई," तो म्हणाला. "पण तू तं पाह्यत होती ना व? तुलेबी नुराच वाटली?"

सकाळी उस्तादजींनी माणूस पाठवला. भाऊ गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई त्याच्या हातापाया पडली, तरी नाही. मग आखाडा दुसऱ्या कोणाच्या हाती गेला आणि भाऊ जिनात कापसाच्या गाठी उचलायला लागला. माझ्याशी बोलायचा, माहेरी गेले की लेकरांना खाऊ आणायचा, पण हौदाकडच्या भिंतीला पाठ करून बसायचा.

तो गेला त्यालाही आता खूप वर्षं झाली. मी पुन्हा कधी विचारलं नाही. पण डोळे मिटले की तो उजवा पाय दिसतो, त्यानं आयुष्यात कोणाला धरू न दिलेला आणि त्या दिवशी इतक्या सहज पुढे केलेला. काय करू? मला अजूनही वाटतं, तो मुद्दामच पडला.