मामांचा बसलेला आवाज

आमच्या विद्यापीठात सगळ्यांत जास्त पुस्तकं कुणी वाचली असतील, तर ती ग्रंथालयाच्या शिपाई मामांनी, आणि तीही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी ते स्वतःच्या आवाजात पुस्तकं रेकॉर्ड करत. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि करू नका म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्रस्तावना, छापखान्याचा पत्ता, शुद्धिपत्र, काही म्हणता काही सुटत नसे. वाक्य फार ताणलं की मध्येच, "लई लांबवलंय ह्यानं, पानी पिऊन येतो," आणि मग खरोखर दोन घोटांचा आवाज. अर्थशास्त्राच्या एका लेखकाशी तर त्यांचं प्रकरणभर भांडण चाललं होतं. "आमच्या बिलोलीच्या पोरांना हे कळंल का?" असं ते त्याला विचारत आणि उत्तराची वाट पाहिल्यासारखे थांबत. मुलं पेपरात मामांची मतंही लिहून येत, आणि त्यांना मार्कही पडत.

ही रेकॉर्डिंगं ऐकायला सहा जुनी यंत्रं होती, बोटांना कळतील अशा जाड बटणांची, रबरबँडनं आवळलेली. कॅम्पसच्या वायफायवरून ती पुस्तकं घेत, पण फक्त अगदी जुन्या पद्धतीच्या वायफायवरून. विद्यापीठाचं नेटवर्क मी सांभाळायचो, आणि ही जुनी पद्धत बंद करायचं काम माझ्याकडे होतं. एक संथ यंत्र जोडलेलं असलं की आजूबाजूच्या सगळ्यांचा वेग पडतो, हे खरंच होतं. बैठकीत मी ते रुबाबात सांगितलं. कुणीतरी विचारलं, अशी यंत्रं किती आहेत. "मोजकी," मी म्हणालो. ती कुणाची आहेत, हे मी पाहिलंच नव्हतं.

बंद केल्यावर दोन दिवसांनी मामा आले. "साहेब, मशिनी मुक्या झाल्यात. वायफाय बिघडलंय जनू. सोमवारी पोरांची परीक्षा हाय."

मी मान वर न करता म्हणालो, "ऑनलाइन तक्रार भरा, मामा."

"हाव," म्हणाले आणि गेले. ती त्यांना भरता येणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

शनिवारी दुपारी एका वायरच्या कामासाठी ग्रंथालयात गेलो. मागच्या व्हरांड्यात सहा मुलं भिंतीला टेकून बसली होती आणि मध्ये मामा, पुस्तक नाकाशी धरून वाचत होते. आवाज पार बसला होता. निलंग्याची एक मुलगी म्हणाली, "मामा, आता ऱ्हाऊ द्या."

"अजून दोन धडे हायत, बाई. ऐक." वाक्य कितीही लांबलं तरी ते पाण्यासाठी थांबत नव्हते.

मी ऑफिसात जाऊन कपाटातला वायफायचा एक जुना डबा आणला, वाचनकक्षात लावला आणि जुनी पद्धत तेवढ्या खोलीपुरती वेगळी चालू केली. दहा मिनिटं लागली. मामा आले होते त्या दिवशीही दहाच लागली असती.

यंत्रं बोलू लागली. मामांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्या फाटक्या आवाजात मुलांना म्हणाले, "साहेबांनी सुट्टीच्या दिशी येऊन केलं बरं का तुमच्यासाठी." सहाही चेहरे माझ्याकडे वळले. बंद करणाराही मीच, एवढंच सांगायचं होतं. मी कपात बघत राहिलो.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी ज्यांचे आभार मानले, त्यांत माझं नाव घेतलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मागच्या रांगेत होतो, आणि तेव्हाही उठलो नाही.